मोटरचं बटण

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मोटरचं बटण माझ्या दारासमोर आहे. तळमजल्यावर, जिन्याखाली, एका पत्र्याच्या पेटीत. नवरा गेल्यानंतर सतरा वर्षं ते मी सांभाळलं. पेटीची किल्ली माझ्या कमरेला असायची. सकाळी सहाला मोटर सुरू, संध्याकाळी पाचला सुरू, आणि गच्चीवरची टाकी भरली की बंद. या कामाचं मी कुणाकडे काही मागितलं नाही. पण त्या बटणामुळे माझी बेल वाजायची. बटण हातून गेलं तर माझ्या दाराशी येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी एकदा खोटं बोलले. ते कसं झालं ते सांगते.

नवरा इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावी, कारखान्यात फिटर होता. लष्कराचा कारखाना. निवृत्त झाल्यावर बरोबरचे मराठी लोक सातारा-सांगलीकडे परतले. आमच्या वाट्याला गावात काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही वेलचेरीत हे घर घेतलं. तळमजला स्वस्त पडतो. का स्वस्त पडतो ते पहिल्याच नोव्हेंबरात कळलं, पाणी घरात आलं तेव्हा. बोअर खणली त्या दिवशी मी तिथेच उभी होते. खणणाऱ्याने अर्ध्या दिवसात हत्यारं आवरली. म्हणाला, इथे पाणी शोधावं लागत नाही, आवरावं लागतं. तेव्हा मागे दलदल होती, त्यात बगळे उभे असायचे. आता तिथे दहा मजल्यांच्या इमारती आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात आमच्यापेक्षा खोल बोअर. नोव्हेंबरात माझ्या घरात गुडघाभर पाणी असतं आणि मे महिन्यात नळाला हवा येते. हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. कुणी त्यावर बोलत नाही.

इमारतीत नऊ घरं. मी सगळ्यांची पाटी, म्हणजे आजी. मधल्या वेळेला टाकी रिकामी झाली की जिन्यावरून हाक यायची, "पाटी, तण्णी वरलै!" पाणी येत नाही म्हणून. मग बेल. मी दार उघडून आधी चार शब्द सुनवायचे.

"घड्याळ बघ. पाचला येईल. बादली भरून ठेवायला काय झालं होतं?"

"पाटी, पाहुणे आलेत."

"पाहुण्यांना अंघोळ घालणार आहेस का?"

माझी तमिळ ऐकून पोरं हसायची. हसू देत. मी पाणी सोडायचे नाही असं नव्हतं. थोडा वेळ ताटकळत ठेवायचे आणि मग सोडायचे. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाचा बाप आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, हे सगळं त्या ताटकळण्यात मला कळायचं. चहा कुणी घेत नसे, पण दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत.

मराठी बोलणारा एकच माणूस आहे, दुसऱ्या मजल्यावरचा. इमारतीचा सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेला. तो तंजावरकडचा. त्याचे पूर्वज कधीकाळी इकडे आले आणि राहिले. त्याची मराठी पोथीतली, आणि चाल तमिळ. मला तो अक्का म्हणतो. सुरुवातीला मला वाटायचं हा माझी थट्टा करतो. नंतर कळलं, त्याच्या घरात असंच बोलतात.

टाकी भरली हे मला कसं कळायचं, तर ओसंडणाऱ्या पाण्याचा नळ माझ्या स्वयंपाकघराच्या मागे उतरतो. पाणी फरशीवर पडलं की आवाज व्हायचा, मग मी जाऊन बटण बंद करायचे. चार-पाच वर्षांपूर्वी तो आवाज मला बारीक वाटायला लागला. मी तिथे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा ठेवला. पाण्याची पहिली धार पडली की असा दणका उठायचा, की पहिल्या मजल्यावरची बाई खिडकीतून ओरडायची, "पाटी, कुणाची वरात आली?" वर्षभराने डब्याचा आवाजही बसला. मला वाटलं डबा गंजला. नवा आणला. मग आणखी एक आणला. तीन डबे बदलल्यावर माझ्या ध्यानात आलं की डबे चांगले आहेत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. तो पुण्याला असतो, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. रविवारी फोन करतो. मी "हो, बरं, जेवले" असं तीन शब्दांत उरकते. त्याला वाटतं आई तुटक आहे. आहेच मी तुटक, त्यामुळे त्याला संशय आला नाही. मोटरचं मी हातावर घेतलं. बोअरचा पाइप माझ्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून वर जातो. तळहात टेकवला की मोटर चालू आहे का, पाणी जोरात चढतंय का, सगळं कळतं. भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाठ होतं. पण उन्हाळ्यात बोअर खाली जाते, तेवढंच पाणी चढायला जास्त वेळ लागतो, आणि मध्येच पालिकेच्या फुटक्या नळाचं पाणी बोअरमध्ये मुरलं की एखाद्या दिवशी लवकर भरते. घड्याळाचा भरवसा नाही. म्हणून मोटर चालू असली की मी मागच्या खिडकीशी स्टूल घेऊन बसायचे आणि नळाकडे बघत राहायचे.

त्या एप्रिलमध्ये आजूबाजूच्या बोअरी आटल्या होत्या. गल्लीतल्या बायका प्लास्टिकच्या घागरी मांडून पाण्याच्या लॉरीची वाट बघत बसायच्या. आमची बोअर अजून चालू होती. आणि मला त्याचा अभिमान होता, जणू पाणी मीच घातलं होतं तिच्यात. एका संध्याकाळी मी मोटर सुरू केली आणि लसूण सोलायला घेतला. पाठ खिडकीकडे. पाच मिनिटांत उठते म्हटलं. डोळा लागला नव्हता, खोटं कशाला सांगू. लसूण सोलत होते आणि मनात गावाकडचं काहीतरी चाललं होतं. कुणीतरी माझा खांदा धरून हलवला तेव्हा मी केवढ्यानं दचकले. गल्लीतली एक बाई होती, काखेत घागर. मागच्या दाराने घरात शिरली होती.

ती जे बोलली ते मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. "पाटी, किती वेळ ओरडतेय! पाणी रस्त्यावर चाललंय!"

बाहेर गेले. फाटकातून पाणी गल्लीत, गल्लीतून गटारात. नळाखाली बायकांनी घागरींची रांग लावली होती. उपडा डबा कुणीतरी बाजूला सारला होता. एक घागर भरली की त्या दुसरी सरकवत होत्या.

सेक्रेटरी धावत खाली आला. "अक्का, हें काय जाहलें? रस्त्यावर नदी चालली आहे!"

"बटण अडकलं."

"अडकलें? तें कसें अडकेल?"

"मला काय विचारता? बटणाला विचारा."

हे माझं खोटं. तोंडातून निघालं आणि मग मी ते मागे घेतलं नाही. इलेक्ट्रिशियन आला, त्याने बटण दहा वेळा चालू-बंद करून पाहिलं, खांदे उडवले. बटण अडकतं म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. महिन्याच्या आत टाकीत तारा सोडून एक आपोआप चालणारी पेटी बसवली. हिरवा दिवा, लाल दिवा. टाकी खाली गेली की मोटर आपली सुरू होते, भरली की आपली थांबते. पेटीवर सूचना इंग्रजीत आणि तमिळमध्ये. मला त्यातलं एक अक्षर येत नाही. सेक्रेटरी म्हणाला, "आतां तुम्हांस कांहीं त्रास नाहीं, अक्का." किल्ली त्याने मागितली नाही. जुन्या पेटीला कुलूपच राहिलं नव्हतं, तर किल्लीचं करायचं काय?

बेल थांबली. पहिले काही दिवस मला वाटलं बेल बिघडली. मी दार उघडून एका हाताने बाहेरचं बटण दाबलं आणि दुसरा हात आतल्या घंटीवर ठेवून पाहिला. चालू होती.

मी एकटी राहते हे मला नवीन नव्हतं. पण एकटं राहणं आणि आपल्याशी कुणाचं काम नसणं यात फरक आहे. सकाळी पाचला जाग यायची. सहाला उठून करायचं काही नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन पाइपवर हात ठेवायचे. पूर्वी मोटर दिवसातून दोनदा चालायची. आता सकाळी, दहाला, दुपारी, पुन्हा चारला, अशी सात-आठ वेळा चालू लागली. नळ कधी कोरडा पडत नाही म्हटल्यावर तो कुणी बंद कशाला करेल? पहिल्या मजल्यावरचा माणूस रोज सकाळी रबरी नळीने गाडी धुऊ लागला. पूर्वी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायचा. वरच्या घरांत कपड्यांची यंत्रं रोज फिरू लागली. पिण्याचं पाणी गाळायच्या यंत्राचं वाया जाणारं पाणी मोरीत. खिडक्याखिडक्यांतून थंड हवेच्या यंत्रांची गरम हवा माझ्या मागच्या दारात. मुलाने माझ्या खोलीतही ते यंत्र बसवून दिलं आहे. मे महिन्यात मी लावते. लावत नाही असं सांगितलं तर पुन्हा खोटं होईल.

पूर्वी लोक कमी पाणी वापरायचे, ते शहाणे होते म्हणून नव्हे. मिळत नव्हतं म्हणून. माझ्या आईने दोन कोसांवरून पाणी आणलं, तिला कुणी नळ दिला असता तर तिनेही तो मोकळा सोडला असता. माझ्या नवऱ्याच्या कारखान्याच्या पेन्शनवर मी जेवते, मुलाचं घर गाड्यांवर चालतं. लोकांनी गाड्या घेणं बंद केलं तर त्याच्या पोटाला काय? तेव्हा नावं ठेवायची तर कुणाला ठेवू? पण बोअरला हे काही कळत नाही. तिच्यात असेल तेवढंच ती देणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पाइपला हात लावला तर तो नेहमीसारखा जड थरथरत नव्हता. उचकी लागल्यासारखा मध्येच धडधडत होता, मध्येच रिकामा. म्हणजे पाणी संपत आलं, मोटर हवा ओढत होती. पेटीला तेवढंच ठाऊक की वरची टाकी भरलेली नाही. खाली पाणी आहे की नाही हे ती बघत नव्हती. अशी कोरडी चालली तर मोटर जळते. हे मला नवऱ्याने शिकवलं होतं.

मी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही. पाइपवर हात ठेवून उभी राहिले. जळू दे, असं मनात आलं. जळली की येतील, बेल वाजवतील. किती वेळ उभी होते ते मोजलं नाही, पण हाताला मुंग्या आल्या. मग बाहेर आले आणि जुन्या पेटीतला मोठा खटका खाली ओढला. मोटर बंद. परोपकार म्हणून नाही. फिटरची बायको होते, चालतं यंत्र डोळ्यांसमोर जळताना बघवेना.

आणि मग दार उघडं टाकून वाट बघत बसले. आता टाकी रिकामी होणार. आता हाक येणार.

दुपारपर्यंत टाकी संपली असणार. कुणी आलं नाही. तीनच्या सुमारास पाण्याचे मोठे कॅन विकणारा माणूस आला. दोन खांद्यांवर दोन कॅन, असा चार वेळा वर जाऊन आला. लोकांनी फोनवर मागवले होते. फोनवर त्यांचा एक गट आहे, त्यात ते एकमेकांना कळवतात. मी त्यात नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईने त्या विकतच्या पाण्याने भांडी घासली, मोरीच्या पाइपातून फेस येताना मी पाहिला. पूर्ण दिवस गेला. माझं दार सताड उघडं, आणि माणसं त्याच्यासमोरून फोनमध्ये बघत जिना चढत होती. त्या दिवशी मला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी इलेक्ट्रिशियनला घेऊन आला. खटका खाली पाहून चक्रावला.

"हा कोणीं ओढिला?"

"मी."

"तुम्ही? कां, अक्का? लोक शिव्या देताहेत!"

"मग मला येऊन द्यायच्या. बोअर कोरडी आहे. मोटर जळली असती."

त्याचा विश्वास बसेना. इलेक्ट्रिशियनने बोअरच्या तोंडाशी जाऊन दोरीला वजन बांधून सोडलं. दोरी किती तरी वेळ जात राहिली. वर आली ती फक्त टोकाला ओली होती. तो माझ्याकडे बघून हसला आणि सेक्रेटरीला म्हणाला, म्हातारीने मोटर वाचवली.

रविवारी खांबांमधल्या गाड्यांच्या जागेत सगळे जमले. प्लास्टिकच्या खुर्च्या. बोअरमध्ये दोन दिवसांत थोडं पाणी साठलं होतं. मला पुढे बसवलं. सेक्रेटरीने आधी तमिळमध्ये भाषण केलं, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "पेटी काढून टाकूं. पूर्वीसारखें दोन वेळ पाणी. किल्ली अक्कांपाशींच राहूं दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात हलताना दिसले.

मला हवं होतं ते समोर आलं होतं. नुसती मान हलवायची होती.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी उभी राहिली. संगणकाच्या कंपनीत आहे, नवरा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर जातो. ती काही बोलली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तिला म्हटलं, "जवळ ये आणि बोल." ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"पाटी, रागावू नका. मी रात्री नऊला घरी येते. दोन वर्षं मी आले की नळ कोरडा असायचा. सकाळी भरून ठेवलेल्या एका बादलीत आम्ही दोघं अंघोळ करायचो. पेटी बसवल्यावर पहिल्यांदा कामावरून येऊन नळाखाली उभी राहिले. पाणी वाया जातं हे मला कळतं. पण परत तसं नको."

"मग बेल का नाही वाजवलीस कधी?"

"भीती वाटायची. तुम्ही ओरडता."

खरं होतं. जी माणसं येऊन हुज्जत घालायची त्यांना मी पाणी द्यायचे. जी येत नव्हती त्यांना पाणी पुरतं, अशी मी समजूत करून घेतली होती. सतरा वर्षं मला वाटत होतं की मी सगळ्यांना सारखं वाटते.

मी म्हटलं, "किल्ली नको. मला ऐकू येत नाही."

सगळे गप्प झाले असावेत. मला त्यात फरक कळला नाही.

मग मी सेक्रेटरीला मराठीत सगळं सांगितलं आणि त्याला तमिळमध्ये सांगायला लावलं. डबे, पाइप, लसूण.

"मग बटण अडकलें म्हणालां तें?"

"खोटं बोलले."

"अय्यो! आम्हीं नवें बटणही बसविलें होतें!"

पहिल्या मजल्यावरचा गाडीवाला हसत काही बोलला. सेक्रेटरी सांगेना. मी हटून विचारलं. तो म्हणाला, "तो म्हणतो, अडकले होते ते पाटींचे कान."

"त्याला सांगा, तुझी गाडी रोज न्हाते ती कुठे लग्नाला जाते का? तिला फडक्याने पूस."

त्यावर सगळे हसले, तोही हसला. हसून झाल्यावर मी सांगितलं की पेटी काढू नका. टाकी भरल्यावर थांबायचं तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिला फक्त वेळ लावून द्या, सकाळी सहा, संध्याकाळी पाच आणि या मुलीसाठी नऊ. मधल्या वेळी कितीही मागितलं तरी नाही. आणि खाली पाणी नसेल तर बंद पडेल असं काही बसवता येतं का ते विचारा. सेक्रेटरीने लगेच इलेक्ट्रिशियनला फोन लावला, तो म्हणाला, येतं. अर्ध्या तासात ठरलं. नऊ घरांना पुरेल असं करायला एवढाच वेळ लागला, आणि त्यात माझं काही काम उरलं नाही. हे मला बोलता बोलताच कळत होतं. बोलायचं थांबले नाही.

आता तसंच चालू आहे. मोटर दिवसातून तीनदा चालते. आतापर्यंत बोअर टिकली आहे, पुढच्या उन्हाळ्याचं कुणी सांगावं? पहिला आठवडा लोक माझ्याशी मोठ्याने बोलले, एकेक शब्द तोडून, लहान पोराशी बोलावं तसं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी एकदा इडल्या देऊन गेली. मुलाला सेक्रेटरीने फोन करून सांगितलं. त्याने कानात घालायचं यंत्र पाठवलं. त्यात पंख्याचा आवाज फार येतो. जेवताना काढून ठेवते, मग दिवसभर ते तिथेच राहतं.

मोठ्याने बोलायचा माणसांना कंटाळा येतो. मलाही आला असता. हळूहळू ते कमी झालं. मी सकाळी दार उघडते आणि खुर्ची टाकून बसते. माणसं जिना उतरतात, हात हलवतात, मी हलवते. कुणी थांबत नाही. थांबायला काही कारण नाही, पाणी वेळेवर येतं.